ऑनलाइन चर्चेत कोण कोणाला उत्तर देतंय, याची आकृती कशी काढावी?

जास्वंद

नमस्कार मंडळी. सेवेतल्या शिक्षकांच्या बी.एड. अभ्यासक्रमासाठी मूडलवर (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली) दर आठवड्याला एक लेखी चर्चा चालते. ३४ विद्यार्थी, एक मार्गदर्शक, सहा आठवडे. विषय सोमवारी पडतो, रविवारी मध्यरात्री चर्चा बंद होते. कोणाच्या किती नोंदी, एवढं मूडल सांगतं. मला त्यापुढचं हवंय: मंडळी आपापसात बोलतायत की जो तो मार्गदर्शकाला उत्तर देऊन मोकळा होतोय? कोणाच्या नोंदीला कोणीच हात लावत नाही? दोन कंपूंना जोडणारं कोणी आहे का?

गेफी या जाळी काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती काढली आहे, माणूस म्हणजे बिंदू आणि उत्तर म्हणजे बाण, पण तीन गोष्टी खटकतात. मध्यभागी मार्गदर्शक आणि सगळे बाण त्याच्याकडे, यापलीकडे काही दिसत नाही. बिंदू ३५ हवेत, दिसतात २९. आणि पुन्हा चालवली की प्रत्येकाची जागा बदलते. नेमकं कुठे चुकतंय? एक्सेल बऱ्यापैकी येतं, प्रोग्रॅमिंग येत नाही.

पायवाट

गेफी उघडायच्या आधीच्या टप्प्यावर चुकतंय. ‘बाण म्हणजे काय’ हे ठरवलेलं नाही, म्हणून मूडलने ठरवलं. चर्चेच्या पानावर सगळ्यात वर मार्गदर्शकाची नोंद असते. विद्यार्थी खालपर्यंत वाचतो, मनात उत्तर तयार करतो आणि पहिल्याच नोंदीखालचं ‘रिप्लाय’ दाबतो. मजकूर सहकाऱ्याला उद्देशून असला तरी नोंद मार्गदर्शकाच्या नावावर चढते. सहा नोंदींचा एक नमुना घ्या (‘वि०४’ म्हणजे विद्यार्थी क्रमांक ४, ‘पेरेंट’ म्हणजे ज्या नोंदीखाली ‘रिप्लाय’ दाबलं तिचा क्रमांक):

नोंद १. मार्गदर्शक (पेरेंट ०): पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ असावा का?
नोंद २. वि०४ (पेरेंट १): नसावा. घरी मदत करणारं कोणी नसेल तर मूल मागे पडतं.
नोंद ३. वि११ (पेरेंट १): वि०४ यांचं पटतं, पण बहुवर्ग शाळेत एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला लेखी काम द्यावंच लागतं, आणि उरलेलं घरी जातं.
नोंद ४. वि०४ (पेरेंट ३): ते वर्गकार्य झालं, गृहपाठ नव्हे.
नोंद ५. वि२० (पेरेंट १): वरच्या दोघांचंही बरोबर आहे. तोंडी काम दिलं तर दोन्ही अडचणी सुटतात.
नोंद ६. मार्गदर्शक (पेरेंट ५): तोंडी कामाचं एक उदाहरण द्या.

पेरेंटवरून बाण काढले तर पाच निघतात आणि त्यातले तीन मार्गदर्शकाकडे जातात. दोन्ही बाजूंनी बाण असलेली जोडी एकच: वि२० आणि मार्गदर्शक. आता मजकूर वाचून काढा. नोंद ३ चा बाण वि०४ कडे जातो. नोंद ५ चे दोन अर्धे बाण होतात, एक वि०४ कडे, एक वि११ कडे. मार्गदर्शकाकडे जाणारा बाण फक्त नोंद २ चा उरतो. परतफेडीची जोडी आता वि०४ आणि वि११ ही आहे, आणि मार्गदर्शक–वि२० ही जोडी तुटली. त्याच सहा नोंदी, पण निष्कर्ष बरोबर उलटा. तुमच्या आकृतीत असं कितपत झालंय हे नोंदी वाचल्याशिवाय कळणार नाही.

करायचं असं. फोरमच्या मेनूतून ‘एक्सपोर्ट’ घेऊन सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवा. त्यात बरेच रकाने येतात. त्यातले नोंदीचा आयडी, डिस्कशन, पेरेंट, यूजरआयडी, क्रिएटेड आणि मेसेज एवढे ठेवा. खासगी उत्तरांचा वेगळा रकाना असतो. तो भरलेला असेल ती ओळ काढून टाका, कारण ते उत्तर वर्गाने पाहिलेलंच नाही. पेरेंटमध्ये व्यक्ती नसते, नोंदीचा क्रमांक असतो. तो क्रमांक आयडीच्या रकान्यात शोधून त्या ओळीतला यूजरआयडी व्हीलुकअपने आणला की ‘कोणाला’ हा रकाना तयार होतो. पेरेंट ० म्हणजे चर्चेची पहिली नोंद, तिला बाण नाही. क्रिएटेडमध्ये दहा आकडी संख्या दिसली तर ती १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद आहेत. ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा, भारतीय वेळेसाठी वर ५.५/२४ मिळवा आणि कोष्टकाला तारखेचं स्वरूप द्या. हे ५.५/२४ राहिलं तर सकाळी साडेपाचच्या आधीच्या सगळ्या नोंदी आदल्या दिवशी जाऊन बसतात, म्हणजे मध्यरात्रीनंतर लिहिणारे चुकीच्या वारात मोजले जातात.

मग शेजारी ‘खरं कोणाला’ असा आणखी एक रकाना करा आणि तो वाचून भरा. नियम आधी कागदावर लिहून काढा. नाव घेऊन किंवा मुद्दा उचलून उत्तर दिलं असेल तर बाण त्या व्यक्तीकडे. दोघांना उद्देशून असेल तर दोन ओळी, वजन प्रत्येकी ०.५. ‘सर्वांना’ असेल तर बाण नाही, पण नोंद मोजणीत धरायची. मजकुरात कोणाचाच माग लागत नसेल तरच पेरेंट ग्राह्य. ‘छान’, ‘सहमत’, ‘धन्यवाद’ एवढ्यावर संपणाऱ्या नोंदींना वेगळी खूण करा, नाहीतर सगळ्यात जाड बाण आभारप्रदर्शनाचे निघतात.

माणशी आठवड्याला तीन नोंदी धरल्या तर सहा आठवड्यांच्या सहाशेच्या आसपास होतात. नोंदीमागे अर्धं मिनिट, म्हणजे पाच तासांचं काम. वेळ नसेल तर फक्त पहिल्या नोंदीला जोडलेली उत्तरं तपासा, गडबड मुख्यतः तिथेच असते. दर दहातल्या एक-दोन नोंदी दुसऱ्या कोणाकडून स्वतंत्रपणे भरून घ्या आणि ‘खरं लक्ष्य पेरेंटपेक्षा वेगळं आहे का’ या हो-नाहीवर कोहेनचा कप्पा काढा, म्हणजे योगायोग वजा करून दोघांचं किती जुळलं याचा आकडा. ०.७ च्या खाली आला तर नियम ढोबळ आहेत. ते सुधारा आणि पुन्हा भरा.

उभाआडवा

पायवाट यांचा रकाना भरून झाला की गेफीआधी एक्सेलमध्येच तक्ता करा. ओळींत ‘कोणी’, स्तंभांत ‘कोणाला’, ३५ गुणिले ३५. तीसेक माणसांच्या पुढे बाणांची आकृती गुंतवळ होते. तक्ता मात्र साठ माणसांपर्यंत डोळ्यांनी वाचता येतो.

पिव्हट टेबल वापरू नका. ज्याने काहीच लिहिलं नाही किंवा ज्याला कोणीच उत्तर दिलं नाही, त्याची ओळ किंवा स्तंभ पिव्हटमध्ये येतच नाही, आणि तुम्हाला तर नेमकी तीच माणसं शोधायची आहेत. हजेरीपटावरून ३५ संकेतांक दोन्ही कडांना स्वतः टाका आणि आतल्या कोष्टकांत सम-इफ्स सूत्र लावा: बेरीज वजनाच्या रकान्याची, पहिली अट ‘कोणी’ बरोबर डावीकडचा संकेतांक, दुसरी अट ‘खरं कोणाला’ बरोबर वरचा संकेतांक. डॉलरचं चिन्ह डावीकडच्या संदर्भात स्तंभाला आणि वरच्या संदर्भात ओळीला लावायचं, नाहीतर सूत्र ओढताना सरकतं. मग कंडिशनल फॉरमॅटिंगमधला दोन रंगांचा कलर स्केल. ० ला पांढरा ठेवा. तीन रंगांचा स्केल घेतला तर मधला रंग उगाच अर्थ असल्यासारखा दिसतो.

मार्गदर्शकाची ओळ आणि स्तंभ अगदी शेवटी न्या आणि कलर स्केल फक्त विद्यार्थ्यांच्या चौकोनाला लावा. मार्गदर्शकाचे आकडे मोठे असतात, ते स्केलमध्ये आले की बाकी सगळा तक्ता फिका पडतो. बाकीच्यांचा क्रम वर्णानुक्रमे नको, मिळालेल्या उत्तरांच्या उतरत्या क्रमाने लावा. दोन्ही कडांना क्रम एकच हवा. आता कर्णाच्या दोन बाजू ताडून बघा. वर गडद आणि त्याच्या प्रतिबिंबाच्या जागी पांढरं असेल तर एकतर्फी बोलणं. पांढरा स्तंभ म्हणजे लिहितो पण उत्तर मिळत नाही. ओळ आणि स्तंभ दोन्ही पांढरे म्हणजे चर्चेत नाहीच. शिक्षकाच्या दृष्टीने हे दोघे पूर्ण वेगळे विद्यार्थी आहेत. पहिल्याच्या नोंदीवर मार्गदर्शकाने एक प्रश्न टाकला तरी इतरांचं लक्ष तिकडे जातं. दुसऱ्याला फोनच करावा लागतो.

दुवेदार

आता गेफी. २९ बिंदू दिसण्याचं कारण उघड आहे: फक्त बाणांची फाइल दिली आहे. गेफी तिच्यातली नावं उचलून बिंदू करतं, ज्यांचा एकही बाण नाही ते सहा जण त्याला माहीतच नाहीत. दोन फाइली करा. बिंदूंच्या फाइलमध्ये आयडी, लेबल, भूमिका. बाणांच्या फाइलमध्ये सोर्स, टार्गेट, टाइप, वेट, आठवडा. आयडी, लेबल, सोर्स, टार्गेट, टाइप, वेट ही शीर्षकं रोमन अक्षरांत आणि बिनचूक स्पेलिंगने हवीत, नाहीतर गेफी ओळखत नाही. टाइपमध्ये प्रत्येक ओळीला ‘डायरेक्टेड’ लिहा. एक्सेलमधून जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

आधी बिंदूंची फाइल आयात करा, मग बाणांची. दुसऱ्या वेळी शेवटच्या खिडकीत ‘अपेंड टू एक्झिस्टिंग वर्कस्पेस’ निवडायला विसरू नका, नाहीतर बाण नव्या वर्कस्पेसमध्ये जातात आणि पुन्हा २९. त्याच खिडकीत एकाच जोडीचे अनेक बाण कसे जोडायचे ते विचारतात. एकच आकृती हवी असेल तर ‘सम’. आठवड्यांनुसार वेगळं बघायचं असेल तर ‘डोन्ट मर्ज’, कारण बेरीज झाली की कोणता बाण कोणत्या आठवड्याचा हे पुसलं जातं.

जागा बदलतात हा दोष नाही. फोर्सॲटलास २ या लेआउटमध्ये, म्हणजे बिंदूंच्या जागा ठरवायच्या रीतीत, बिंदू एकमेकांना ढकलतात, बाण त्यांना ओढतात, आणि सुरुवातीच्या जागा वेगळ्या असल्या की शेवटही वेगळा होतो. डावं-उजवं, वर-खाली याला काही अर्थ नसतो. कोण कोणाजवळ आहे एवढंच वाचायचं, आणि तेही दोन-तीनदा चालवून जे टिकतं तेवढंच. हा लेआउट आपणहून थांबत नाही, हालचाल मंदावली की ‘स्टॉप’ दाबा. बिंदू चिकटले तर स्केलिंग वाढवून पाहा. बाण नसलेले सहा जण पार कडेला उडाले तर ग्रॅव्हिटी थोडी वाढवा. ‘प्रिव्हेंट ओव्हरलॅप’ अगदी शेवटी चालू करा, आधीच केलं तर बिंदू अडकून बसतात.

बिंदूचा आकार ‘वेटेड इन-डिग्री’ वर ठेवा, म्हणजे मिळालेल्या उत्तरांवर. ‘डिग्री’ वर ठेवलात तर खूप लिहिणारा मोठा दिसतो, मग त्याला कोणी विचारत नसलं तरी. त्यासाठी उजवीकडून ‘ॲव्हरेज वेटेड डिग्री’ आधी चालवावं लागतं, नंतरच तो पर्याय ‘ॲपिअरन्स’ मध्ये येतो. प्रिव्ह्यूमध्ये बाणाचं टोक मोठ्या बिंदूखाली लपतं. बाणांच्या सेटिंगमधला ‘रेडियस’ वाढवला की टोक बाहेर येतं. लेबलच्या जागी चौकोनी डबे आले तर फाँट निर्मला किंवा मंगल करा.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: मार्गदर्शकाचा बिंदू काढून सगळं पुन्हा मोजा. घनता म्हणजे असलेले बाण भागिले शक्य बाण. ३५ जणांत शक्य बाण ३५ × ३४ = ११९०. समजा असलेले ११९, म्हणजे घनता ०.१०. त्यातल्या ५१ बाणांचं एक टोक मार्गदर्शक असेल तर तो काढल्यावर उरले ६८. शक्य बाण ३४ × ३३ = ११२२, घनता ०.०६. विद्यार्थी आपापसात किती बोलतात याचं उत्तर हा दुसरा आकडा देतो. घनतेवरून ३४ जणांच्या गटाची १२ जणांच्या गटाशी तुलना मात्र करू नका. माणसं दुप्पट झाली की शक्य बाण जवळपास चौपट होतात, वाचायची ताकद तेवढीच राहते, त्यामुळे मोठ्या गटाची घनता कमीच येते.

दोन कंपूंना जोडणारा शोधायला ‘नेटवर्क डायमीटर’ चालवा. ‘बिट्विननेस’, म्हणजे एखादा माणूस इतर जोड्यांमधल्या सगळ्यात जवळच्या वाटेवर किती वेळा येतो, ते त्यातूनच मिळतं. गेफी त्यात वजन धरत नाही. पुढे कोणी आर किंवा पायथनमध्ये हे करून देणार असेल तर त्याला एक सांगा: तिथे आयग्राफ आणि नेटवर्कएक्स ही जाळी मोजायची साधनं वजन दिलं तर त्याला अंतर समजतात. दहा उत्तरांची जोडी त्यांच्या लेखी दहापट लांब होते आणि क्रमवारी उलटीपालटी होते. आधी १ भागिले वजन असा रकाना करून तो द्यायचा.

जास्वंद

पायवाट, उभाआडवा, दुवेदार, मनापासून आभार. सहाचा हिशेब लागला. आणखी दोन प्रश्न. पहिला आणि सहावा आठवडा शेजारी-शेजारी ठेवायचा तर बिंदू जागच्या जागी कसे ठेवायचे? आणि याच वर्गाचा व्हॉट्सॲप गटही आहे, तिथली चर्चा या जाळ्यात मिसळता येईल का?

दुवेदार

सहाही आठवड्यांचे बाण एकत्र ठेवून एकदाच लेआउट चालवा आणि थांबवा. मग फिल्टरमधून आठवड्याचा रकाना निवडून १ ठेवा, चित्र जतन करा, नंतर २, असं सहापर्यंत. लेआउटला पुन्हा हात लावायचा नाही. बाणांवर फिल्टर लावला की बिंदू जागेवरच राहतात. आकार मात्र सगळ्या आठवड्यांच्या बेरजेवरचा दिसत राहतो. प्रत्येक आठवड्याचा हवा असेल तर फिल्टर चालू ठेवून वेटेड डिग्री पुन्हा मोजा आणि आकाराची किमान-कमाल मर्यादा सहाही वेळा तीच ठेवा.

उभाआडवा

आठवड्यांची तुलना करायला बाणांपेक्षा काळाची पट्टी जास्त बोलते. आडव्या अक्षावर सोमवार ते रविवार, उभ्या अक्षावर ३५ माणसं, प्रत्येक नोंदीचा एक ठिपका. एक्सेलचा साधा स्कॅटर चार्ट पुरतो: एक्सला वेळ, वायला हजेरीपटाचा क्रमांक. आडव्या अक्षाची एकक लांबी १ ठेवली की प्रत्येक रेघ म्हणजे एक दिवस. मार्गदर्शकाच्या ठिपक्यांची वेगळी मालिका, वेगळा रंग.

तुमची मुदत रविवारी मध्यरात्री आहे. ठिपक्यांचा दाट पट्टा रविवारी रात्री नऊच्या पुढे असेल, तर एकमेकांना उत्तरं न देण्याचं कारण तिथेच आहे: नोंद आली तेव्हा वाचायला कोणी उरलंच नव्हतं. ते जाळ्याच्या आकृतीत कधीच दिसत नाही, तिथे फक्त ‘घनता कमी’ एवढंच येतं आणि दोष विद्यार्थ्यांच्या माथी जातो. मुदती दोन करा, स्वतःची नोंद बुधवारपर्यंत आणि दोघांना उत्तर रविवारपर्यंत. पुढच्या आठवड्याची पट्टी काढून पहिलीखाली लावा. फरक पडला की नाही ते कोणालाही आकडा न सांगता दिसेल.

मार्गदर्शकाचे ठिपके जरूर बघा. तो सोमवारी संध्याकाळीच पहिल्या तीन नोंदींना सविस्तर उत्तरं देत असेल, तर बाकीच्यांना ‘बरोबर उत्तर’ मिळालेलं असतं आणि चर्चा तिथेच निवते.

पायवाट

व्हॉट्सॲप या जाळ्यात मिसळू नका, वेगळं ठेवा. ‘एक्सपोर्ट चॅट’ च्या मजकुरात कोणत्या संदेशाला धरून उत्तर दिलं ते येत नाही. पडद्यावर दिसणारा उद्धृत संदेश फाइलमध्ये नसतो, अंगठे आणि हृदयंही नसतात. उरतो तो फक्त क्रम. ‘आधीच्या संदेशानंतर पाच मिनिटांच्या आत आलेलं म्हणजे त्याला उत्तर’ असा नियम लावला, तर गटात दोन विषय एकाच वेळी चालू असताना तो कोसळतो, आणि तसं रोज होतं. मूडलचा बाण वाचून ठरवलेला आणि हा बाण अंदाजाचा. दोन्हींची बेरीज कशाचीच होत नाही.

तिथून काळाची पट्टी आणि माणशी संदेश एवढं भरवशाने निघतं. तेही जपून. एका संदेशाच्या दोन ओळी असतील तर दुसऱ्या ओळीला तारीख नसते, ती आधीच्या संदेशाला जोडावी लागते. ‘अमुक गटात सामील झाले’ अशा ओळींत नावानंतर अपूर्णविराम (:) नसतो, त्या गाळा. तारीख ०३/०४ अशी येते आणि संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी असेल तर एक्सेल ती ४ मार्च समजतं, म्हणून आयात करताना स्तंभाला दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगा. संदेशाची लांबी अक्षरांत मोजू नका: ‘शिक्षक’ या शब्दाचे एक्सेल सहा मोजतं, कारण वेलांटी आणि पाय मोडायचं चिन्ह त्याच्या लेखी स्वतंत्र आहेत. मराठीत आणि इंग्रजीत लिहिणाऱ्यांची तुलना त्याने फसते. मोकळ्या जागा मोजून एक मिळवा, शब्दसंख्या येते.

तळटीप

वरच्या सगळ्यांना एक जोड. बी.एड.ला समाजमिती (गटातली नाती मोजायची पद्धत) असतेच, त्यामुळे ही आकृती बघून विद्यार्थी तिला मोरेनोचा १९३४ चा सोशिओग्रामच समजतील. तिथे ‘कोणाबरोबर काम करायला आवडेल’ असं विचारून बाण काढतात. इथे कोणी कोणाला निवडलेलं नाही, फक्त लिहिलेलं उत्तर मोजलं आहे. वि२७ कडे बाण नाही याचा अर्थ तो नावडता आहे असा होत नाही. त्याने रविवारी रात्री ११:५० ला लिहिलं असेल, किंवा इतकं परिपूर्ण लिहिलं असेल की कोणाला भर घालायला जागा राहिली नाही.

न लिहिणाऱ्यांबद्दल निर्णय घेण्यापूर्वी मूडलचे लॉग्ज (कोणी कधी काय उघडलं याची यादी) उतरवा आणि ‘डिस्कशन व्ह्यूड’ ही घटना माणशी मोजा. बिंदूंच्या फाइलमध्ये ‘वाचन’ असा रकाना करून बिंदूचा रंग त्यावर ठेवा. बाण नाही पण रंग गडद, असा बिंदू म्हणजे रोज वाचणारा माणूस. पान उघडलं की चर्चेतल्या सगळ्या नोंदी एकदम दिसतात, त्यामुळे कोणती नोंद वाचली हे लॉगवरून काढता येत नाही. तेवढ्यासाठी लॉग ताणू नका.

आकृती वर्गाला दाखवणार असाल तर विचारून दाखवा. संकेतांक हजेरीच्या क्रमाने देऊ नका, वि०४ कोण हे लगेच कळतं. ‘वि०१’ ते ‘वि३४’ चिठ्ठ्या टाकून वाटा आणि नावांची यादी वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये ठेवा. मजकूर उद्धृत केला तरी ओळख फुटते, कारण मूडलच्या शोधात ते वाक्य टाकलं की लेखक सापडतो. हीच पद्धत कोणी शाळेतल्या मुलांवर वापरणार असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळे ‘मूल’ धरले आहेत आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे.

वर्गापुढे फक्त संपूर्ण जाळं, लेबलं बंद करून. ज्याचा-त्याचा बिंदू ज्याला-त्याला वैयक्तिक संदेशात. बाण नसलेल्या सहा जणांना आकृती पाठवण्याआधी मार्गदर्शकाने त्यांच्याशी बोलून घ्यावं.